नागोजीअण्णांची फुंकर

मी सांगतोय ते खरं आहे. खोटं सांगायचं असतं, तर यापेक्षा बरं काहीतरी सुचलं असतं.

साल एकोणीसशे एकसष्ट. बंगळूर, यशवंतपूरचा एक कारखाना. वेळ दुपारी साडेबारा. भुतांनी रात्री यावं असा रिवाज आहे, ठाऊक आहे मला. पण आमचा कारखाना एकाच पाळीत चालायचा.

मी उपकरणं दुरुस्त करायच्या खोलीत होतो. आम्ही तिघं. मी, म्हणजे त्रिविक्रम. शेजारच्या टेबलावर मल्लाप्पा. आणि सगळ्यांत जुने नागोजीअण्णा.

खिडकीपाशी फळीवर एक मॅनोमीटर ठोकलेला होता. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची उंच नळी, अर्धी भरलेली. साधं पाणी, नीट दिसावं म्हणून लाल शाई घातलेलं. दोन्ही तोंडं उघडी असली की दोन्हीकडचं पाणी एका रेषेत उभं राहतं. एका तोंडाला रबरी नळी लावून फुंकलं की त्या बाजूचं खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढा दाब.

"जितकं इकडं खाली, तितकंच तिकडं वर," अण्णा म्हणायचे. "या पाण्याला लबाडी येत नाही बघ."

नळी गळते का, हे तपासायला कारखान्याने जर्मन हातपंप दिला होता. तो कपाटात होता, तेल लावून, अगदी नवा. अण्णा तोंडानेच फुंकायचे. रोज साडेबाराचा भोंगा झाला की एक फुंकर, मग डबा.

आम्हीही फुंकायचो. कुणाचं पाणी किती इंच चढतं, ते फळीच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेलं असायचं. मी तीस. मल्लाप्पा सव्वीस.

अण्णा नऊ. दमा होता त्यांना.

त्या शनिवारी ते फुंकून स्टुलावर बसले, ते उठेनात.

"त्रिविक्रमा, तुझा स्वल्प श्वास देतोस काय रे मला?"

"घ्या की अण्णा! पाहिजे तेवढा घ्या."

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा. मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्या नऊच्या शेजारी लिहिलं... 'त्रिविक्रमकडून, पाहिजे तेवढा'. खाली सही.

"असलं लिहू नये रे," मल्लाप्पा म्हणाला.

अण्णा हसले नाहीत. सही नीट वाचली.

"सरी," म्हणाले, म्हणजे कानडीत 'बरं'.

बुधवारी ते गेले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. मी डबा उघडला.

फू...

पाणी हललं.

एक बाजू खाली. दुसरी वर. नऊ इंचांवर थांबलं... नळी कुणीतरी चिमटीत धरल्यासारखं. मग सावकाश खाली आलं.

"वारा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मल्लाप्पाने खिडकी लावली. मी रबरी नळीचं तोंड दोऱ्याने घट्ट बांधलं.

भोंगा...

नऊ इंच.

मल्लाप्पा उभा राहिला, हात जोडले. "अण्णा, जेवायला चला."

पाणी लगेच खाली आलं.

महिन्याभरात नऊचे अकरा झाले. मग चौदा. मेल्यापासून अण्णांचा दमा सुधारत होता. मी हा विनोद सगळ्या कारखान्याला सांगितला. लोक हसले. मीही हसलो, आणि हसता हसता... धाप लागली.

त्या दुपारी मी स्वतः फुंकलं.

पंचवीस.

अण्णांचे नऊ आणि माझे तीस, एकोणचाळीस. आता चौदा आणि पंचवीस.

एकोणचाळीस.

संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, चंद्राबाई, ज्वारी निवडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तरीच," त्या म्हणाल्या. "रात्रीचा खोकला थांबलाय त्यांचा."

"अक्का... अण्णा गेलेत."

"हं की. गेले तरी खोकत होते. आता छान झोपतात." त्यांनी सुपातला खडा वेचून टाकला. "पण न विचारता कुणाची काडी घेणारा माणूस नव्हे बघ तो."

"विचारलं होतं," मी म्हणालो.

"मग काय?"

दुसऱ्या दिवशी मी फळीवरचं लिहिलेलं खोडरबराने घासलं. अक्षरं गेली.

पाणी सोळावर गेलं.

मल्लाप्पाने हातोडी उचलली. मीच त्याचा हात धरला. आत पाणी होतं, शाई होती... आणि माझे सात इंच कुठे होते कुणास ठाऊक. काच फुटल्यावर ते कुणाकडे जाणार?

याला दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, छातीत काही नाही. तेच तर मी म्हणतोय.

आता सायकल यशवंतपूरच्या चढावर हातात धरून नेतो. हे लिहितानाही मध्ये तीनदा थांबलो.

काल भोंगा झाला. अण्णांचं पाणी एकतीसवर गेलं. म्हणजे माझे उरले आठ. मी स्टुलावर बसून होतो, त्यांच्याच.

"अण्णा," मी म्हटलं, "आता बास की?"

पाणी थरथरलं. जरा वेळ तसंच राहिलं... विचार करत असल्यासारखं.

मग घासलेल्या फळीवर, जिथे माझी सही होती, तिथपर्यंत अर्धा इंच आणखी चढलं.