तारेवरचा कोट

दार लोटून घ्या, चहा ओता. ही गोष्ट तोलोगोनची, खालच्या आळीत मेंढ्या आहेत ना त्याच्या, तोच. थापा मारायला डोकं लागतं, ते त्या बिचाऱ्याकडे नाही. म्हणून मी विश्वास ठेवतो.

नौरोजची आदली रात्र. त्याचे वडील इसाबेक नारिनच्या इस्पितळात वारले होते. तोलोगोन आणि थोरला सागिन त्यांना ट्रकमधून घरी आणत होते. लोकरीच्या नमद्यात गुंडाळून दोरीनं बांधलेले, वर त्यांचाच मेंढीच्या कातड्याचा कोट. सकाळी दफन, अंगणात तंबू लागलेला, माणसं वाट बघत बसलेली. आणि खिंडीखाली, वितळत्या बर्फाच्या चिखलात ट्रक आसापर्यंत रुतला.

सागिन पायी जाऊन मेंढवाड्यावरच्या ओरोझबायला ट्रॅक्टरसकट घेऊन आला. ओरोझबाय म्हणाला, चाकांपुढचा चिखल काढा, आधी ओझं खाली घ्या, मग ओढायची पोलादी तार लावू. चिखल दोघा भावांनी काढला. वडिलांना उतरवायला मात्र तयार होईनात. बाप टेकवायचा तो आपल्या दारात. रस्त्यात चिखलावर ठेवला असं कळलं असतं, तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. ओरोझबाय कुरकुरला, पण त्यानं तार अडकवली.

इसाबेक स्वतः जन्मभर ट्रॅक्टरवाले. ताणलेल्या तारेजवळ फिरकायचं नाही, तिच्या मधोमध जाड कापड टाकायचं, म्हणजे तुटली तरी उसळत नाही, हे त्यांनी पोरांना कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. घाईत पोरं विसरली.

सागिन ट्रकमध्ये, ओरोझबाय ट्रॅक्टरवर. तोलोगोन फावडं घेऊन बंपरपाशी, तारेला लागूनच. तार ताणली, तशी दिव्यांच्या उजेडात तिच्यावर कोट दिसला. दादानं टाकला असेल, असं त्याला वाटलं.

ट्रक हलेना. तार करकरली.

"हट तिथून."

हळूच. मागून. कानाशी...

तो बाजूला झाला.

तार तुटली. कोटासकट चिखलात बसली. टोक तेवढं बंपरवर आदळलं, आणि तो उभा होता तिथला पत्रा फाटला.

ओरोझबाय धावत आला. "कोट टाकलात म्हणून निभावलं."

"दादानं टाकला."

"मी? तार लावल्यापासून मी खाली उतरलोच नाही रे..."

तोलोगोननं तो चिखलातून उचलून उजेडात धरला. कोट बाबांचा होता.

दुसऱ्यांदा तार दुहेरी केली, तिच्यावर तोलोगोननं आपला कोट टाकला, सगळे लांब उभे राहिले. ट्रक निघाला. पहाटे दोघं भाऊ रीतीप्रमाणे मोठ्यानं रडत अंगणात शिरले. हातोहात वडिलांना तंबूत नेलं. थोड्या वेळानं अंघोळ घालणारे काका बाह्या सारून बाहेर आले.

"रस्त्यात उतरवलं होतंत का रे याला?"

"नाही काका," तोलोगोन म्हणाला. "शपथ."

"मग गुडघ्यापर्यंत चिखल कसा?"

दोरीच्या गाठी काकांनी स्वतः सोडल्या होत्या. नमदा आतबाहेर कोरडा होता. त्यांनी आणखी गरम पाणी मागवलं.