आरशात दिसेन तोवर

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी आर्वो निएमीने सातव्या कॅम्पग्राउंडच्या फाटकाशी गाडी उभी केली. सुपीरियर सरोवरावरचं धुकं तेव्हा सावकाश रस्त्यावर येत होतं. आधीच्या सहाही ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं, की जागा आहे, पण तुमची गाडी मावायची नाही. त्रेचाळीस फुटांची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं अख्खं घर. नवराबायकोने ती हौसेने घेतली होती, आणि ती उभी कुठे करायची हे घेतल्यावर सुचलं होतं.

बायको, लेम्पी, वसंतात गेली. तेव्हापासून गाडी मागे घेताना आर्वोचं काही खरं नव्हतं. सप्टेंबरात त्याने एका दिव्याच्या खांबाला धडक दिली आणि मुलीने, मार्सीने, अट घातली. आता एक जरी ओरखडा उठला तर किल्ल्या माझ्याकडे, गाडी विकायची. आर्वोने मान डोलावली खरी, पण आतून तो हादरला होता. लेम्पीच्या वेलचीपावाचा वास घरातून केव्हाच गेला होता. तो फक्त या गाडीत उरला होता.

"एका बाजूने शिरून दुसरीकडून सरळ बाहेर पडायच्या जागा भरल्यात," कॅम्प सांभाळणारी लव्हर्न म्हणाली. "एकसष्ट नंबर आहे. गाडी मागे घेतच आत घालावी लागेल. पाटीवर चाळीस फूट लिहिलंय."

"माझी त्रेचाळीस आहे, बाई."

"मावते हो. तिथे सगळ्यांची मावते..." ती जराशी थांबली. "मागे उभं राहून हात दाखवणारं कोणी आहे ना?"

"मी आहे की!" शेजारच्या सीटवरून मार्सी म्हणाली.

"तुला जमायचं नाही," आर्वो पुटपुटला.

"तुला तरी कुठे जमतंय, बाबा! त्या खांबाला विचार."

त्यालाही हसू आलं. हात दाखवायचं काम तीस वर्षं लेम्पीचं होतं. भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून ती मागे उभी राहायची, लांबून दिसावेत म्हणून. तिचा नियम एकच होता. आरशात मी दिसेन तोवर ये, दिसेनाशी झाले की थांब. गाडी नेमकी बसली की दोन्ही मुठी मिटायची. तीस वर्षांत गाडीला साधा चरा पडला नव्हता.

मार्सी उतरून धुक्यात गेली. आर्वोने गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि आरशात पाहिलं. दोन पिवळे हात त्याला बोलावत होते. पोरीने आईचे मोजे शोधून काढले वाटतं, त्याच्या मनात आलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

हात म्हणाले, ये... जरा डावीकडे... ये. चाळीस फूट म्हणजे दहा आकडे मोजेपर्यंतची वाट. त्याचे दहा मोजून झाले, वीस झाले. खिडकीबाहेरून मेपलची झाडं सरकून गेली, मग तांबडे खडक आले. मग एक वाळूचा किनारा आला, तिथे त्याने आणि लेम्पीने एक अख्खा हिवाळा काढला होता. वेलचीचा वास दाटून आला, आताच भट्टीतून पाव काढल्यासारखा. आर्वोला भीती अशी वाटलीच नाही. वसंतानंतर इतकं सुख त्याला पहिल्यांदाच होत होतं. हात मागे मागे जात होते आणि तो त्यांच्यामागे जात होता.

"बाबा... पुरे... थांब!"

आवाज समोरून आला. त्याने समोर पाहिलं. काचेपलीकडे रस्त्याच्या कडेला मार्सी उभी होती. तिचे हात उघडे होते.

त्याने पुन्हा आरशात पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. आर्वोने ब्रेक दाबला.

"तू... मागे होतीस ना?"

"नाही रे, रस्त्यावरून ट्रक येत होता. त्याला अडवायला पुढे आले." ती आनंदाने नाचायचीच बाकी होती. "पण बघ तरी! एका दमात बसवलीस! पुढे रस्ता वीतभर, मागे ओंडका वीतभर. ओरखडा नाही. हरले मी, गाडी तुझी!"

आर्वो उतरून मागच्या बाजूला गेला. जागेच्या टोकाला आडवा टाकलेला ओंडका गाडीपासून खरंच वीतभर होता. पण चाकांचे ओले ठसे ओंडक्यापलीकडेही गेले होते. कुत्रंसुद्धा शिरणार नाही अशा दाट झाडीतून ते सरळ धुक्यात गेले होते.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने किल्ल्या मार्सीच्या हातात दिल्या.

"अरे, जिंकलास ना तू!"

"उशाखाली ठेव. मी मागितल्या तरी देऊ नकोस."

"का पण?"

"ती मुठी मिटतच नव्हती गं..." "आणि मी आनंदाने जात होतो."

मार्सीने मोजायचा टेप काढला आणि गाडी हलली तर कळावं म्हणून पुढच्या चाकाला टेकवून मातीवर ठेवला. तेवढंच तिला सुचलं.

सकाळी किल्ल्या उशाखालीच होत्या. ती अनवाणीच बाहेर आली. टेप मातीवर होता तिथेच होता, पण चाक त्याच्यापासून तीन फूट मागे सरकलं होतं. ती धावत मागे गेली. ओंडकाही होता तिथेच होता, तरी गाडीपासून अजून वीतभरच.