गूळ-खोबऱ्याचं अंथरूण

"पेंढा नको," सहदेव म्हणाला. "काडी डोळ्यात गेली तर डोळा जातो. आणि ओला झाला की टाकून द्यावा लागतो."

"टाकायला देणार कोण?" आवडी म्हणाली. "ऐन वैशाखात बैलांनाच पुरत नाय."

पोलादपूरच्या घराच्या अंगणात, फणसाच्या सावलीत तिघांची सभा भरली होती: बारा वर्षांची आवडी, तिचा धाकटा भाऊ मोरू आणि मुंबईहून सुट्टीला आलेला चुलतभाऊ सहदेव. मधोमध टोपलीत दोन गिनीपिग एकमेकांना चिकटून बसले होते. सहदेवचे वडील परळला एका प्रयोगशाळेत जनावरांची देखभाल करत. तिथे नकोशी झालेली ही जोडी त्यांनी पोराबरोबर गावी पाठवली होती. तांबूस तो गूळ, पांढरं ते खोबरं. शेजारीपाजारी "बिनशेपटीचे विलायती उंदीर" म्हणून हसून गेले. पण खोबरं आवडीच्या ओंजळीत थरथरत बसलं, तेव्हाच तिने मनाशी ठरवून टाकलं, की याला आता कुणी घाबरवायचं नाही.

पेटी सहदेवने ठोकली होती. प्रश्न होता अंथरुणाचा. धुऊन, वाळवून पुन्हा घालता येईल असं काहीतरी हवं होतं. आवडीने घरभर फिरून जुनं धोतर, घोंगडीचा फाटका तुकडा आणि गोणपाट गोळा केलं. गोणपाट कुशाबाकाकांकडचं. गावच्या सप्त्याच्या भंडाऱ्याचा कारभार त्यांच्याकडे होता आणि तांदूळ भरायला त्यांनी महाडच्या बाजारातून जुन्या गोण्यांचा गठ्ठा आणला होता. त्यातली एक त्यांनी हसत दिली.

तिघांनी प्रत्येक कपड्यावर पाणी ओतलं आणि थोड्या वेळाने वर तळहात दाबून पाहिला. धोतर ओलंगच्च राहिलं. घोंगडीवरून पाणी घरंगळून गेलं.

"ही तर पाणी पीतच नाय," मोरू म्हणाला.

"थांब. आधी धुऊन बघू." आवडीने रिठ्याच्या गरम पाण्यात घोंगडी चांगली चोळली, उन्हात वाळवली आणि पुन्हा पाणी ओतलं. या खेपेला पाणी लोकरीतून खाली उतरलं आणि वरचा भाग हाताला कोरडा लागला. गोणपाट पाणी शोषून घेई, वाळेही लवकर. झालं! खाली गोणपाट, वर घोंगडी. खोबरं त्यावर पाय ताणून निजलं, तेव्हा आवडीला वाटलं, आपण एखादं घरच बांधलं.

सकाळी खोबऱ्याने गवताला तोंड लावलं नाही. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पायाचे तळवे लालबुंद झाले होते. रात्रीतून त्याने घोंगडी उकरून बाजूला सारली होती आणि ते नुसत्या गोणपाटावर बसलं होतं. गूळ घोंगडीवर होता, तो ठीक होता.

"आजारी पडलं असंल," सहदेव हळूच म्हणाला.

"मग गूळ कसा नाय पडला?" आवडीने कोमट पाण्याने खोबऱ्याचे पाय धुतले, त्याला स्वच्छ धोतरावर ठेवलं आणि गोणपाट परातीत भिजवलं. पाण्याला निळसर झाक आली.

"कुणीतरी नीळ घातली," मोरू म्हणाला.

"गोणपाटाला नीळ कोण घालतं रे?" तिने शिवण उसवली. आत खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे निळे खडे अडकले होते. मोरूने एक खडा उचलून तोंडाकडे नेला. आवडीने त्याच्या हातावर फटका मारला. खडा मातीत पडला.

"मोरचूद हाय तो. मामाच्या सुपारीच्या बागेत पिंपात कालवतात, झाडांवर फवारायला. मामा आम्हाला पिंपाजवळ उभं राहू देत नाय. विष असतं."

मोरूचे डोळे भरून आले. मग सहदेव एकदम उठला. "आवडे, बाकीच्या गोण्या!"

तिघं मारुतीच्या देवळाकडे पळाली. घराघरातून आलेला तांदूळ चटयांवर पसरला होता. कुशाबाकाका माणसांना कामं वाटत होते. आवडीने धापा टाकत सगळं सांगितलं.

"उंदराचे पाय लाल झाले म्हणून गावाचं जेवण थांबवू?" काका वैतागले. "झटकल्या की साफ होतात गोण्या. जा, खेळा."

आवडीचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "काका, मग आम्हीच झटकून देऊ का?"

"द्या की. तेवढंच काम हलकं."

गठ्ठा देवळामागे नेला. सहदेवने घरून जुन्या धोतराचा उरलेला तुकडा आणला, त्याच्या चिंध्या फाडून ओल्या केल्या, आवडीने गोण्या उलट्या केल्या आणि मोरू एकेका शिवणीवर चिंधी दाबू लागला. बहुतेक चिंध्या मातकट निघाल्या. काहींवर मात्र निळे डाग उमटले. त्या गोण्यांपाशीच चिंध्या ठेवून तिघं काकांना बोलवायला गेली.

"झटकून झाल्या, काका. बघायला या."

काका आले. निळ्या चिंध्या बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. आवडीने एक कोरी ओली चिंधी त्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः एका गोणीच्या शिवणीवर ती दाबली, उचलली आणि उजेडात धरली. मग ते तिथेच ओट्यावर बसले.

"उद्या सगळं गाव जेवणार होतं," ते पुटपुटले. "बारकी पोरं जेवणार होती."

सगळाच गठ्ठा बाजूला काढला गेला. तांदूळ घराघरातल्या पाट्यांत आणि पितळी हंड्यांत भरला. त्याच दुपारी काका त्या गोण्या आणि चिंध्या घेऊन महाडला गेले. दुकानदाराने आधी कानांवर हात ठेवले, पण चिंध्या पाहिल्यावर त्याने फवारणीच्या औषधाच्या गोण्या धान्याच्या गोण्यांत मिसळल्याचं कबूल केलं आणि उरलेला माल विकायचा थांबवला.

भंडाऱ्याच्या पंगतीत काकांनी या पोरांच्या पानात आधी वाढायला लावलं. "या तिघांमुळं आज पानात अन्न हाय," एवढंच ते मोठ्याने म्हणाले. बायामाणसांनी मोरूचे गाल ओढून ओढून लाल केले.

आवडी मात्र जेवण होताच घरी आली. खोबरं अजून सुस्तच होतं. थोड्या वेळाने कोवळ्या गवताची मूठ घेऊन काका आले आणि तिच्या शेजारी मातीत बसले.

"सगळे तुझं नाव काढतायत, आणि तू इथं का गो?"

"गोणपाट मीच अंथरलं होतं, काका. माझ्याच हातांनी."

काकांनी गवत मांडीवर ठेवलं. "गोण्या मी आणल्या होत्या. तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण ह्या जिवानं सांगितलं, ते तू ऐकलंस. मला तर तू सांगूनही ऐकायला आलं नाय."

त्यांनी गवताची एक काडी पेटीत धरली. खोबऱ्याने नाक हलवलं, ते पुढे सरकलं आणि त्याने काडीचं टोक कुरतडलं.

"खाल्लं," काका कुजबुजले. आणि दुसरी काडी त्यांनी आवडीच्या हातात दिली.