विसावी चाचणी

दार लोटून घ्या रे. आणि फिदीफिदी हसायचं नाही. हे मला खुद्द धाकट्यानं सांगितलंय, तेही ढसाढसा रडत.

काम साधंच होतं. चौदा नोव्हेंबर, मंगळवार. ऑफिसातला एक सर्व्हर हातानं बंद करून परत चालू करायचा. असली कामं गिऱ्हाइकं झोपल्यावर करतात, म्हणून धाकटा रात्री दोनला किल्ली घेऊन निघाला.

धाकटा म्हणजे माझ्या मित्राचा, दादाचा, सख्खा भाऊ. दोघांचा गावात इंटरनेट पुरवायचा धंदा. इंटरनेटचा वेग मोजणारं एक जगभराचं जाळं आहे, त्याचा हा सर्व्हर दादानं हौसेनं ठेवून घेतलेला. अट एकच, गिऱ्हाइकांची जी लाइन तीच मोजणीला. "आपला आकडा खोटं बोलणार नाही," दादा छाती पुढे काढून सांगायचा. आणि या दिवट्यानं गुपचूप मोजणीला वेगळी, मोकळी वायर जोडली! गिऱ्हाईक बोंबलतंय आणि आकडा झकास. केसानं गळा कापला हो त्यानं दादाचा.

त्या रात्रीच्या महिनाभर आधी, एका संध्याकाळी दादाच्या छातीत कळ आली. घरात मोबाइलला रेंज नाही, सगळी भिस्त इंटरनेटवर. डॉक्टर व्हिडिओवर आले आणि चित्र अडकलं. दादानं वेग मोजला. शंभरात अठ्ठ्याण्णव. म्हणजे लाइन ठणठणीत, फोनच बिघडला, असं धरून नवराबायको फोनशी झटत बसले. लाइन गेलीय हे कळतं तर वहिनी शेजारी धावली असती ना! एकोणीस वेळा मोजलं त्यानं. मग दादा गेला.

"मलाच मेला फोन धड चालवता आला नाही," वहिनी म्हणायची. धाकटा समोर बसून ऐकायचा.

तर त्या रात्री सर्व्हर चालू झाला. लगेच पडद्यावर वेग मोजायची एक चाचणी आली.

दादाच्या घरातून.

ती लाइन तोडलेली होती. तिची वायर गुंडाळून ऑफिसातच खुंटीला टांगलेली. धाकट्यानं वळून पाहिलं. वायर जागेवर.

अठ्ठ्याण्णव.

पुन्हा चाचणी. अठ्ठ्याण्णव.

पुन्हा.

"दादा...?"

...

एकोणीस झाल्या. थांबल्या. पाठीमागे कुणीतरी उभं होतं. वाट बघत.

त्यानं ती वेगळी वायर उपटली. सर्व्हर गिऱ्हाइकांच्या लाइनीवर जोडला. मध्यरात्री ती लाइन रिकामी असते, आकडा मोठाच यायला हवा.

विसावी चाचणी आली.

दोन.

त्या संध्याकाळचा खरा आकडा.

उजाडताच वहिनी धाकट्याच्या दारात. हातात दादाचा फोन. महिनाभर कपाटात, चार्जसुद्धा न केलेला. पडदा उजळलेला, वर एकच आकडा. दोन.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या दिवशी हा का नाही दिसला?"

त्यानं सगळं सांगितलं. ती तशीच मागे फिरली. परत त्याच्या घराची पायरी चढली नाही.

फोन तिनं माझ्याकडे ठेवायला दिलाय. अजून एकदाही चार्ज केलेला नाही.

दिवा मालव रे जरा.

ती वरची फळी बघा, तिथंच ठेवलाय...