चार बोटं लांब बाही

खांदा

डाव्या कफच्या अस्तरात शिवलेली बारीक साखळी डॉ. शर्वरी मगदूम यांनी चिमट्याने ओढून काढली, आणि पुतळ्याच्या अंगावरचं जॅकेट हळूच उजवीकडे सरकलं.

“सरकलं की हो मॅडम!” अस्लम मोमीन ओरडले. इचलकरंजीच्या वस्त्रवंश प्रयोगशाळेतले ते गणिती. घरात मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे साध्या बोलण्यातही ते ओरडतच, पण कापडाबद्दल उगाच ओरडत नसत.

जॅकेट पॅरिसच्या व्हेर्दिये या फॅशनगृहाचं. त्याची बेतणी त्यांनी स्वतःच्या नावावर नोंदवली होती आणि मग डेट्रॉइटमधल्या एका कृष्णवर्णीय चर्चच्या गायकवृंदाला नोटीस धाडली होती: तुमचे झगे आमच्या जॅकेटची नक्कल आहेत, शिवणं थांबवा. झगे शिवणाऱ्या ओपल गेन्स यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. बेतणी त्यांच्या वडिलांची. गल्लीतली पोरं जुने झगे कापून जॅकेटं करून घालत, ती पॅरिसवाल्यांनी पाहिली.

फोटो? जुने फोटो आता कोणीही घडवतं. या भांडणाचा निवाडा करणारा लवाद ते बघतच नाही. जे सांगायचं ते कापडानेच सांगायचं.

खिसा

“पण कापड बोलणार कसं, पोरी?” पडद्यावरून ओपलबाईंनी विचारलं. टेबलावरची दुभाषी चकती त्यांचं बोलणं मराठीत सांगत होती.

“तुमच्या जीन्सला मोठ्या खिशाच्या आत एक चिमुकला खिसा आहे ना? त्यात काय ठेवता?”

“काहीच नाही. बोटसुद्धा धड जात नाही.”

“एके काळी त्यात साखळीचं घड्याळ ठेवत. घड्याळ गेलं, खिसा राहिला. नक्कल करणारा वस्तू उचलतो, तिचं कारण उचलत नाही. कारण मागे सुटलेल्या अशा खुणेला आम्ही अनाथ खूण म्हणतो. आमचं वंशवेधक यंत्र कपड्यात फक्त त्याच शोधतं.”

“आणि सापडली की?”

“दोन कपड्यांत एकच विचित्र खूण असली, तर नातं ठरलं,” मोमीन म्हणाले. “मग बघायचं, त्या खुणेचं कारण कुठल्या घरात अजून जिवंत आहे. ते घर मुळाचं.”

अस्तर

व्हेर्दिये कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बाजारात आणण्याआधी ते प्रत्येक कपडा ‘धुलाई’तून काढत. धुलाई म्हणजे उसन्या खुणा ओळखून पुसणारं संगणकी यंत्र. म्हणूनच जॅकेटच्या दोन्ही बाह्या सारख्या होत्या. डेट्रॉइटहून आलेल्या झग्याची डावी बाही मात्र उजवीपेक्षा चार बोटं लांब.

पण खांदा? खांदा तसाच राहिला होता. तो लांब, जड बाहीसाठी बेतलेला. बाही कापल्यावर तोल जाऊ नये म्हणून यंत्रानेच साखळीचं वजन सुचवलं असणार.

वंशवेधकाने साखळीविना मोजमाप घेतलं आणि लिहिलं:

*या खांद्याला डावी बाही हवी: चार बोटं लांब. नातं सिद्ध. आता कारण द्या.*

“कारण सोपं आहे,” ओपलबाई खुशीत म्हणाल्या. “माझे वडील वॉल्टर डाव्या हाताने वृंद चालवायचे. हात उंच केला की बाही घसरायची. म्हणून लांब.”

शर्वरींनी मोमीनांकडे पाहिलं. बोलले मोमीन, आणि या वेळी हळू.

“ओपलबाई, हात ते एकटेच उंच करायचे. मग लांब बाही सगळ्या गायकांना कशाला?”

वंशवेधकाने खाली लिहिलं:

*कारण एकालाच लागू. इतर झग्यांत खूण अनाथ. हा कपडाही नक्कल आहे.*

“नक्कल? कोणाची?”

“ते यंत्राला माहीत नाही,” शर्वरी म्हणाल्या. “मूळ सापडलं नाही, तर नोंद ज्याच्या नावावर आहे त्याचीच राहते.”

“म्हणजे रविवारी आम्ही आमचेच झगे घालायचे नाहीत?”

“नाही.”

ओपलबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “थांबा. हॅटीमावशीला विचारते. वृंदात तिच्याइतकं जुनं कोणी उरलेलं नाही.”

बाही

हॅटीमावशींचा चेहरा पडद्यावर आला तो कपाळापासून वरचाच. “मावशी, फोन खाली धर,” ओपलबाई म्हणाल्या. चेहरा आला. ओपलबाईंनी बाहीबद्दल विचारलं.

“वॉल्टरने तुला सांगितलं नाही?”

“काय सांगितलं नाही?”

“शहाणा होता. मी शपथ घातली होती त्याला.”

त्यांनी डावा हात पडद्यासमोर धरला. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत कातडी चकाकत होती, इस्त्री फिरवल्यासारखी.

“लॉन्ड्रीत कामाला होते. वाफेच्या यंत्रात भाजला. मी वृंद सोडणार होते. वॉल्टरने माझ्या झग्याची बाही लांब केली. पण पहिल्याच रविवारी सगळं चर्च माझ्या बाहीकडेच बघत बसलं. पुढच्या रविवारी येते तर काय! सगळ्यांच्या डाव्या बाह्या लांब. कोणी एक शब्द बोललं नाही.”

शर्वरींनी पडद्यावरूनच व्रणाची लांबी घेतली.

*चार बोटं. कारण सापडलं. मूळनाम लिहा.*

रकान्यात ओपलबाईंनी आधीच लिहिलेलं ‘वॉल्टर गेन्स’ लुकलुकत होतं. नियमाने नाव एकच, आणि ते प्रत्येक जॅकेटच्या आत छापलं जाणार, कारणासकट. ओपलबाईंनी ते वाचलं, आणि एकेक अक्षर खोडलं.

“मावशी, तुझं नाव घातलं तर हात साऱ्या जगाला कळेल. नको असेल तर नको म्हण. झगे आपण दुसरे शिवू.”

“एक सांग आधी. हे पॅरिसचं जॅकेट कोण घालतं?”

“बारीक, उंच मुली. मासिकांत असतात तशा.”

“त्यांचे हात भाजलेले आहेत?”

“छे गं!”

हॅटीमावशी हसू लागल्या. इतक्या हसल्या की फोन पुन्हा कपाळावर गेला.

“एवढ्या सगळ्या पोरी माझा हात लपवत हिंडताहेत होय? आणि मी उगीच एकटीने लपवत बसले!” कपाळ म्हणालं. “लिही. पण पूर्ण लिही. हॅटी मे प्रुइट. ‘एक धोबीण’ असं नको.”

मोमीनांनी नाव भरलं. पडद्यावर हॅटीमावशी डावी बाही दुमडत होत्या.