सहा मिनिटांची चाल

वॉर्ड भरले होते, म्हणून त्याची खाट लिफ्टसमोर लावली होती. वळण घेताना माझी ट्रॉली तिच्यावर धाडकन आदळली.

"मॅडम, आपल्या लेनमध्ये राहा की!" ऑक्सिजनच्या मास्कमागून आवाज आला... धापा टाकणारा, पण हसरा.

मी फिजिओथेरपिस्ट. आजारातून उठलेल्यांना पुन्हा नीट श्वास घ्यायला, चालायला शिकवायचं, हे माझं काम. त्या साथीत कितीतरी जण उठतच नसत. रडायलाही फुरसत नव्हती. आणि अशात हा लांब पल्ल्याचा धावपटू रोज माझी वाट बघू लागला.

"तुमचा मास्कमागचा चेहरा कधी दिसणार?"

"आधी बरे व्हा, मग बघू."

"म्हणजे बक्षीस ठेवलंय तर!"

सफाईच्या मावशी गालातल्या गालात हसायच्या. "लिफ्टपाशी तुझ्या फेऱ्या फार वाढल्यात गं." मी उगीचच त्यांच्यावर डाफरायचे. पण खरं होतं ते — सकाळी आल्या आल्या माझी नजर आधी त्याच्या खाटेकडे जायची, ती रिकामी तर नाही ना, म्हणून.

मग बातमी आली. वर्षभर पुढे ढकललेली मोठी स्पर्धा तीन आठवड्यांनी होणार होती, प्रेक्षकांशिवाय, रिकाम्या स्टेडियममध्ये. वय पाहता त्याची ही शेवटचीच संधी. धावपटूंच्या संघटनेला फक्त सहा मिनिटांच्या चालीचा अहवाल हवा होता. बोटाला ऑक्सिमीटर लावून रोजच्यासारखं चालायचं, ऑक्सिजन नव्वदच्या खाली उतरता कामा नये, एवढंच.

चाचणीच्या दिवशी तो अगदी शहाण्यासारखा चालला. पाच मिनिटं आकडा पंच्याण्णव. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते. शेवटच्या मिनिटाला त्याला कॉरिडॉरच्या टोकाची पिवळी पट्टी दिसली, आणि — पाय सुटलेच त्याचे. लांब ढांगा, छाती पुढे... पट्टी ओलांडून तो भिंतीला टेकला. ओठ निळसर झाले होते. आकडा शहाऐंशी.

"मीच गाढव," श्वास जरा बसल्यावर तो म्हणाला. "पट्टी दिसली की राहवतच नाही... सावकाश चाललो असतो तर झालो असतो पास. पंच्याण्णव लिहा ना, प्लीज."

मी शहाऐंशी लिहिलं.

"माझं अख्खं आयुष्य आहे हो त्यात!"

"म्हणूनच!" मी ओरडलेच. "ट्रॅकवर कोसळलास तर? मी रोज माणसं जाताना बघते. तुला नाही रे बघू शकणार... तू मला हवा आहेस, कळलं?"

मावशींचा झाडू थांबला.

त्याचे डोळे वाहू लागले. मग त्याने कोचना फोन लावला.

"सर... माझं नाव काढा."

पलीकडचा आवाज इतका चढला, की मलाही ऐकू आला. "कुणी सांगितलं तुला हे? डॉक्टरांनी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नाही सर," तो म्हणाला. "माझ्या माणसानं."