सोळा नंबरवर कोण घोरतंय?

"बाबा, ऐकू येतंय का? ओव्हर."

भिंगरीनं बटण सोडलं. रेडिओतून उत्तर आलं ते असं: घर्रर्र… खुर्रर्र… फूस.

आता रेडिओ घोरत नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सोळा नंबरवर, म्हणजे बुडत्या बोटीनं हाक मारायच्या चॅनलवर, कोणीतरी चक्क ताणून दिली होती. घोरणंही असं, की त्याच्या झोक्यानं गलबत किनाऱ्याला लागावं आणि परत समुद्रात जावं.

जरा वेळापूर्वी याच रेडिओवर बाबांचा आवाज आला होता. "इंजिन बंद पडलंय. बोटीत पाणी शिरतंय. आम्ही आहोत…" तेवढ्यात हे घोरणं मध्ये पडलं आणि बाबा त्याच्याखाली गडप झाले.

धक्क्यावर मदतीची बोट धडधडत उभी होती. तिच्या कप्तानाच्या रेडिओतही तेच घोरणं. "पोरी, जाऊ कुठं? या धुक्यात मला माझ्याच बोटीचं नाक दिसेना. उलट्या बाजूला गेलो तर तुझा बाप हातचा जाईल."

सुट्टीत बाबांनी घरातला जादा रेडिओ मोठ्या विश्वासानं भिंगरीच्या हाती दिला होता, आणि तो आता नुसता घोरत होता.

"दुसऱ्या चॅनलवर जाऊ की," तिचा चुलतभाऊ पोपट म्हणाला.

"बाबांना कसं कळणार? ते इथंच हाका मारत असतील."

"मग या कुंभकर्णाला हाक मार."

"त्याला ऐकू जाणार नाही. कोणाचं तरी बटण दाबलेलं राहिलंय. बटण दाबलं की रेडिओ नुसता बोलतो, ऐकत नाही."

"म्हणजे आपल्या आत्यासारखा."

एरवी भिंगरी हसली असती. आता तिनं रेडिओ कानाला घट्ट लावला. घोरण्याच्या मागं काहीतरी कडाकडा मोडत होतं आणि खळ्ळकन खाली पडत होतं.

"बर्फ फोडायचं यंत्र! पोपट, पळ."

धक्क्यामागच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रामागं गारव्याला पोत्यांवर पाचसहा माणसं आडवी झाली होती. सगळीच घोरत होती.

"आता काय, एकेकाचे खिसे चाचपायचे?" पोपट कुजबुजला. "मार बसेल."

तेवढ्यात भिंगरीच्या हातातला रेडिओ कुईं करून केकाटला. ती डावीकडं सरकली, केकाटणं बारीक झालं. उजवीकडं गेली, वाढलं.

"याचा आवाज त्या रेडिओत शिरतोय आणि फिरून इथंच येतोय," ती म्हणाली. "जितकं जवळ जाऊ तितका केकाटेल."

कान फाटायची वेळ आली तेव्हा दोघं बंदरसाहेबांच्या पायाशी उभी होती. सोळा नंबरवर कान ठेवायचा पगार घेणारे तेच ते साहेब. पोटावर त्यांचा रेडिओ. सैल झालेली बॅटरी पडू नये म्हणून त्यांनी त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, आणि पट्टी घसरून नेमकी बटणावर बसली होती.

"साहेब, उठा. बाबांची बोट बुडतेय."

"छे गं," साहेब डोळे न उघडताच म्हणाले. "समुद्र शांत आहे. माझा रेडिओ चकार शब्द बोलला नाही."

"बोलेल कसा? तुम्ही त्याचा गळा आवळलाय," म्हणत पोपटनं दातांनी पट्टी ओढून काढली.

केकाटणं थांबलं.

"बाबा, वाट मोकळी झाली. कुठं आहात? ओव्हर."

बटण सोडलं. नुसती खरखर. साहेबांची झोप उडाली. त्यांनी घाईघाईनं आपला रेडिओ तोंडाशी नेला.

"साहेब, बटणाला हात लावू नका. त्यांना बोलू द्या."

खरखर. पुन्हा खरखर. भिंगरीनं रेडिओ पुन्हा कानाला लावला. मग त्या खरखरीतून एक चिरका आवाज वर आला.

"…भिंगरे? तरंगत्या लाल बोयाच्या दक्षिणेला. नांगर सुटत चाललाय. खडक जवळ आहेत. ओव्हर."

"ऐकलं," मागोमाग कप्तानाचा आवाज आला. "निघालो."

मदतीची बोट धुक्यातून परत येईपर्यंत भिंगरी धक्क्यावरून हलली नाही. बोटीमागं दोरखंडाला बाबांची बोट होती, काठापर्यंत पाण्यानं भरलेली.

"दिशा कळायला थोडा जरी उशीर झाला असता, तर मी नुसत्या फळ्याच गोळा करून आणल्या असत्या," कप्तान उतरता उतरता म्हणाला. "पोरांनो, आज तुम्ही माणसं वाचवलीत."

बाबांनी ओल्या हातांनीच दोघांना जवळ घेतलं. त्यांचा आवाज पार बसला होता. "हाका मारून मारून थकलो. वाटलं, सगळा किनाराच झोपलाय."

मागून बंदरसाहेब हळूच म्हणाले, "सगळा नाही हो. मी एकटाच."